गळका ट्रॉम्बोन

ट्रॉम्बोन रिक्षात मावतो, पण मिटलेला असेल तरच. ताणलेला असेल तर तो रिक्षात मावत नाही, आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि बसमध्ये मावतो तो निव्वळ इतर प्रवाशांच्या चांगुलपणावर. मी शाळेत गणित शिकवते. लांबी, रुंदी, उंची हा माझा रोजचा विषय. पण घरी आणल्यावर वस्तूची लांबी बदलू शकते, हे माझ्या डोक्यात आले नाही. आजवर मी घेतलेल्या पातेल्यांपैकी एकानेही तसे केले नव्हते.

सुरुवात तीन चेंडूंनी झाली. पावसाळ्यात आमच्या ह्यांना, म्हणजे त्र्यंबकरावांना, न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी येताना औषधांच्या पिशवीत डॉक्टरांनी एक प्लॅस्टिकचे खेळणे दिले. नळी तोंडात धरायची, श्वास ओढायचा, आतले तीन चेंडू वर उचलायचे. शिवाय फुगे फुगवायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुप्फुसाचा खालचा भाग आक्रसलाय. व्यायाम केला तर उघडेल. नाही केला, तर संक्रांतीनंतरच्या तपासणीला घरी ऑक्सिजनचं मशीन आणायचं बोलावं लागेल."

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स सांभाळून नुकतेच निवृत्त झालेले. उभा जन्म मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवण्यात गेला. घरात मीठ मागितले तरी शेजारच्या घरातून मीठ यायचे, असा आवाज! त्या माणसाने चेंडूंकडे पाहिले आणि तो पुटपुटला, "मी काय अंगणवाडीत आहे?" खेळणे फ्रिजवर गेले. फुगे पाकिटातच राहिले. आणि हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते उंबऱ्याबाहेर पडेचनात. चहा हवा असला तर कप थोडा पुढे सरकवायचे. चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई मी, पण घरातली ही शांतता मला सोसवेना.

आता ट्रॉम्बोनच का? तर आमच्या लग्नाच्या मिरवणुकीत नवरदेव मध्येच घोड्यावरून उतरले, बँडवाल्याच्या हातून ट्रॉम्बोन घेतला आणि मांडवाच्या दारापर्यंत स्वतः वाजवत आले. शाळेच्या बँडमध्ये शिकलेले होते. माझे वडील कितीतरी दिवस म्हणत होते, "कारखान्यात आहे असं सांगितलं होतं." तर मी विचार केला, ह्या माणसाला फुगा फुगवायची लाज वाटते, ट्रॉम्बोनची वाटणार नाही.

जुन्या नाशकात नईमभाईंची बँड पार्टी आहे. लग्नसराई अजून लांब होती, त्यामुळे वाद्ये खुंटीला आणि नईमभाई निवांत. त्यांनी मला एक जुना ट्रॉम्बोन काढून दाखवला. तोंडाशी फुंकायची वाटी, मग हाताने पुढे-मागे सरकवायची लांब दुहेरी नळी आणि शेवटी रुंद भोंगा. भोंग्यावर पोचे होते, आणि प्रत्येक पोच्याला इतिहास होता.

"हा बाई, सायखेड्याच्या लग्नातला. घोडा बिथरला."

"आणि हा?"

"नवरीचे मामा बसले होते यावर. वजनदार आदमी."

नळीवर जागोजागी पितळ गुलाबी पडले होते. मला रंग आवडला. मी तसे म्हटले.

"ते आतून थुंकी खाते बाई पितळाला," नईमभाई म्हणाले. "वीस बरस वाजतोय. थोडी थोडी हवा जाते कुठून कुठून. पण वरातीत कोणाला कळतंय? माल एकदम खानदानी आहे."

खानदानी म्हणजे म्हातारा, हे मला पुढे कळले. पण नईमभाईंनी एकही दोष लपवला नाही. मीच सगळे दोष कौतुकाने ऐकून घेतले, जसे स्थळ ठरवताना मुलीकडचे मुलाचे ऐकून घेतात.

खंडेनवमीला पूजा करून ह्यांच्यासमोर ठेवायचा, तोवर लपवायचा, असा माझा बेत. पण काळवंडलेली वस्तू पूजेला कशी मांडायची? समोरच्या फ्लॅटमधली सविता, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, म्हणाली, "ताई, पितळच ना? चिंच-मीठ लावा." तिच्याच ओट्यावर आम्ही दोघींनी त्याला चिंच-मीठ चोळले, वर राखेने घासले, सरकती नळी तर काथ्याने अशी घासली की दिवाळीच्या समया लाजाव्यात. ट्रॉम्बोन लखलखला. फक्त गुलाबी डाग मोठे झाले, आणि एका डागातून सविताच्या खिडकीतला उजेड दिसू लागला.

"हे भोक आधी होतं का हो?" सविताने विचारले.

"असणारच," मी म्हणाले. शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढल्यावर ठामपणा अंगात मुरतो.

इतके घासल्यावर नळी सरकेना. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे गोटीराम भाऊ फुले घेऊन आले. त्यांची सायखेड्याला झेंडूची शेती आणि मुलाकडे इथे मुक्काम. दसऱ्याला अख्ख्या सोसायटीला झेंडू त्यांच्याकडचाच. त्यांनी नळी हलवून पाहिली.

"वहिनी, खोबरेल टाका, खोबरेल! आमची फवारणीची नळी आशीच आखडती. एक धार सोडली का लय मऊ चालती."

ऑक्टोबरचा उकाडा होता. खोबरेल पाण्यासारखे पातळ. मी एक सोडून चार धारा सोडल्या आणि नळी खरोखर लोण्यासारखी सरकू लागली. नाशकात जन्म गेलेल्या बाईला त्या क्षणी डिसेंबर आठवायला हवा होता. पण ऑक्टोबरात डिसेंबर आठवत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

खंडेनवमीला पाटावर ट्रॉम्बोन मांडला. हळद-कुंकू वाहिले, अक्षता वाहिल्या. गोटीराम भाऊंचा एक टपोरा झेंडू भोंग्यावर ठेवला तर तो घसरायला लागला. म्हणून मी तो जरा आत, नीट बसेल असा, अंगठ्याने दाबून ठेवला. मनात म्हटले, देवा, ह्यांचा श्वास परत दे. मग ह्यांना हाक मारली.

हे आले. पाटाकडे बराच वेळ बघत राहिले. "कुणाचं लग्न आहे?" म्हणाले. पण हात पुढे झाले होते. उचलला, वाटी ओठांना लावली, डोळे मिटले आणि फुंकले.

फुस्स.

पुन्हा फुंकले. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज आला. त्यांनी ट्रॉम्बोन हळूच पाटावर ठेवला, कुंकवाचे बोट पंच्याला पुसले आणि म्हणाले, "दम राहिला नाही माझ्यात, प्रतिभा." आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पुरणपोळीला आणलेली डाळ उगीचच परत निवडली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माणसाचा श्वास परत आणायला निघाले होते, आणि आता श्वास गेल्याचा पुरावाच घरात आणून ठेवला होता.

ट्रॉम्बोन दिवाणाखाली गेला.

पुढे दिवाळी झाली, शाळा सुरू झाली, आणि एक दिवस गोटीराम भाऊंनी मला जिन्यात गाठले. "वहिनी, रागावू नका. दुपारच्याला तुमच्याकडं म्हैस आणता का कोणी?"

"चौथ्या मजल्यावर?"

"तेच म्हणतो मी. पण हंबरती. जखमी हाय बिचारी."

मी त्या दिवशी शेवटचा तास दुसऱ्या बाईंना दिला आणि लवकर घरी आले. न्हाणीघरातून बुडबुडे ऐकू येत होते. कपडे भिजवायच्या टबात पाणी भरलेले, पाण्यात ट्रॉम्बोन, भोंग्यात ओल्या टॉवेलचा बोळा कोंबलेला, आणि त्र्यंबकराव स्टुलावर बसून गाल फुगवून, लाल होऊन, नळीतून फुंकत होते. पाण्यात बुडबुडे आले की तिथे मार्करने खूण करत होते.

"अहो!"

"गळतोय!" ते म्हणाले. "मी त्या दिवसापासून विचार करतोय. मी इतका गेलेला नाही. ह्याचीच हवा जातेय. चाळणी झालीय नळीची. कोणी घासला हा गाढवासारखा?"

मी नजर वळवली. पण मला त्या शिवीचे किती बरे वाटले म्हणून सांगू! दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी मला एकही शिवी दिली नव्हती.

मग रोजच सुरू झाले. हे फुंकायचे, भोक शोधायचे, भोकाला नळाची गळती बुजवायची पुट्टी लावायचे, ती वाळली की पुन्हा पाण्यात बुडवून फुंकायचे. एक बुजले की जोडापाशी दुसरे निघायचे. थुंकी सांडायच्या छोट्या झडपेचे बूच कुजले होते. तिथे ह्यांनी माझ्या औषधाच्या बाटलीचे बूच कापून बसवले. मधेच भोंग्यातला बोळा काढून वाजवून बघायचे, तेव्हा म्हैस हंबरायची. बोळा परत कोंबताना तो दर वेळी आणखी आत जायचा, आणि त्याच्या पुढे माझा झेंडूही. पण तो आतच राहिलाय हे आम्हाला कुठे माहीत!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसे मी सविताला मोठ्या आनंदाने सगळे सांगितले. ती सेक्रेटरीच्या चेहऱ्याने म्हणाली, "ताई, चिंच-मीठ वेगळं आणि सोसायटी वेगळी. आवाजाची तक्रार आलीय. परवानगीचा अर्ज द्या." वाद्यासाठी सोसायटीकडे अर्जच नव्हता. होता तो पाळीव प्राण्यांचा. तोच भरायचा ठरला. जात: पितळी. रंग: गुलाबी ठिपके. लस दिली आहे का, यापुढे मी 'लागू नाही' लिहिले. चावतो का, यापुढे ह्यांनी 'ओठांना' असे लिहिले, आणि स्वतःशीच हसले. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले, की रुग्णाने फुंकणे गरजेचे आहे. कमिटीने दुपारची वेळ मंजूर केली आणि जिन्यात मोकळे सोडू नये अशी अट घातली.

मग थंडी आली. निफाडला पारा उतरला की आमच्याकडे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पांढरी दगड होते. डिसेंबरातल्या एका सकाळी हे ओरडलेच, म्हणजे त्यांच्या त्या वेळच्या मानाने ओरडले. नळी तपासायला म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशी पूर्ण ताणून ठेवली होती, ती आता मिटेना. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढली. गोटीराम भाऊ आले, त्यांनी ओढली. सविता आली, तिने दार लावून घेतले आणि मग ओढली. गोटीराम भाऊ म्हणाले, "लय जाम हाय. नळी वाकली आसंल." खोबरेलाचे नाव त्यांनीही काढले नाही आणि मीही नाही. खरेच सुचले नाही कोणाला. आदल्या रात्री मी केसांना तेल लावायला बाटली गरम पाण्यात ठेवली होती, तरीसुद्धा.

ह्यांचे जुने सहकारी नियाजभाई यांचे सातपूरला छोटे वर्कशॉप आहे. नाताळची सुट्टी होती. मी म्हणाले, मी घेऊन जाते. हे खुर्चीत बसून राहिले. फुंकणे वेगळे आणि घराबाहेर पडणे वेगळे.

लिफ्टमध्ये ट्रॉम्बोन मावेना म्हणून मी चार मजले जिन्याने उतरले. तीन रिक्षावाल्यांनी मान हलवली. चौथा म्हणाला, "टेम्पो बघा, मावशी." शेवटी ती पितळी शिडी खांद्यावर घेऊन मी पंचवटीच्या बसस्टॉपवर उभी राहिले. दहावीच्या माझ्या दोन मुली क्लासला निघाल्या होत्या. "गुड मॉर्निंग, बाई," असे म्हणून त्या इतक्या सभ्यपणे वळल्या, की कोपऱ्यापलीकडे त्यांचे काय झाले ते मला इकडे ऐकू आले.

बस दिसली, आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"प्रतिभा! नियाजला हातोडी लावू देऊ नकोस! तो आधी ठोकतो आणि मग बघतो!"

मफलर गुंडाळलेले त्र्यंबकराव रस्ता ओलांडून येत होते. सगळा स्टॉप वळून बघत होता. मला मात्र एवढेच कळत होते, की हा माणूस घरातून चालत आला होता, आणि त्यानंतर रस्त्यापलीकडून, वाहनांच्या आवाजावर, एवढे सगळे एका दमात ओरडला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. हात ट्रॉम्बोनमध्ये अडकले होते, त्यामुळे पुसताही येईना.

बसमध्ये डाव्या खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला. "हे काय आहे?"

"ट्रॉम्बोन."

"पाइप दिसतोय. पाइप आत चालत नाही. वाद्य असेल तर चालतं."

"वाद्यच आहे."

"मग वाजवा."

"ते अडकलंय," हे म्हणाले.

"मग पाइपच झाला," कंडक्टर म्हणाला. तर्क म्हणून मला त्यात चूक काढता आली नाही. पुढच्या स्टॉपला उतरा म्हणाला. पुढचा स्टॉप आला, पण उतरताना दारातून ट्रॉम्बोन वळेना, तेव्हा त्यानेच वैतागून परत बसायला सांगितले.

बस त्र्यंबक रोडला लागली आणि डावीकडून छान ऊन आले. थेट नळीवर. मी डोळे मिटून ऊन खात होते. आणि अचानक, गतिरोधकावर बस उडाली तशी, ती जाम नळी सुळकन निसटली आणि पुढे कंडक्टरच्या काखेतून आरपार गेली. माझ्या मांडीवर एक कोमट थेंब पडला. बसभर खोबरेलाचा वास सुटला.

हे थेंबाला बोट लावून बघत राहिले. वास घेतला. मग माझ्याकडे बघितले. "खोबरेल?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

कंडक्टरने काखेतली नळी अदबीने परत केली. ह्यांनी ती जागेवर बसवली, आतले तेल काढायला ट्रॉम्बोन उलटा करून झटकला. भोंग्यातून त्यांच्या मांडीवर एक काळा, वाळलेला, कुंकू लागलेला झेंडू पडला.

"आणि हे?"

"खंडेनवमीचा," मी म्हणाले. "देवाचा आहे. टाकू नका."

त्यांनी झेंडूकडे बघितले. म्हणजे इतके दिवस चाळणी झालेल्या नळीतून, खोबरेलातून आणि झेंडूतून तो माणूस फुंकत होता! वाटी ओठांना लावली, डोळे मिटले आणि नेहमीच्या जोराने, म्हणजे म्हैस हंबरायला जितका लागायचा तितक्या जोराने, फुंकले.

असा आवाज त्या बसने कधी ऐकला नसेल. भरघोस, लांब, न संपणारा. मागे मोठा ट्रक आला असे समजून ड्रायव्हरने गाडी घाईघाईने कडेला घेतली आणि हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली. कंडक्टर कान चोळत म्हणाला, "वाद्य आहे. बसा."

सातपूरला नियाजभाई हातोडी घेऊनच बाहेर आले, आणि ह्यांना बघून हातोडी तिथेच टाकून त्यांच्या गळ्यात पडले. "साहेब, तुम्ही घराबाहेर? वहिनी तर म्हणत होत्या..." चहा झाला, जुन्या मशीनच्या आठवणी झाल्या. मग नळीची सगळी भोके त्यांनी डाग देऊन पक्की बुजवली, ह्यांच्या देखरेखीखाली, ह्यांच्या आरडाओरड्यात.

संक्रांतीनंतर तपासणी झाली. डॉक्टरांनी ह्यांना फुंकायला यंत्र दिले. काटा वर गेला तो वरच थांबला. डॉक्टरांनी यंत्र आपटून पाहिले आणि पुन्हा फुंकायला लावले. मग मला विचारले, "तीन चेंडूंचा चांगला फायदा झाला म्हणायचा?"

"नाही हो," मी म्हणाले. "गळक्या ट्रॉम्बोनचा." धड असता तर चार दिवस सहज वाजवून त्यांनी तो माळ्यावर टाकला असता. ऑक्सिजनच्या मशीनचे नाव कोणी काढले नाही.

तिळगूळ मी यंदा मोजून केला नाही. सविताला चिंच-मिठाबद्दल दिला, गोटीराम भाऊंना खोबरेलाबद्दल आणि झेंडूबद्दल मिळून दोनदा दिला. त्यांना कारण कळले नाही, पण त्यांनी दोन्ही वेळा घेतला. नईमभाईंकडे डबा भरून नेला. ते ओशाळून म्हणाले, "बाई, एक चांगला आलाय आता. हवा अजिबात जात नाही. बदलून देऊ?" मी त्यांना हात जोडले. म्हणाले, असा खराब माल पुन्हा मिळायचा नाही.

आता एवढीच अडचण आहे, की नियाजभाईंनी काम फार पक्के केले. ट्रॉम्बोन सहज वाजू लागला, तसे हे आळसावले. एक दिवस वाजवायचे, दोन दिवस नाही. परवा तर दुपारभर वर्तमानपत्र वाचत बसले. काल सकाळी मी देवपूजेला बसले, तेव्हा गोटीराम भाऊंच्या परडीतला एक टपोरा झेंडू बाजूला काढला आणि दिवाणाखाली वाकून भोंग्यात नीट, अंगठ्याने, आतवर बसवला.

दुपारी न्हाणीघरात टब भरल्याचा आवाज आला. मग बुडबुड्यांचा. आणि मग अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी हाक आली.

"प्रतिभा! हवा कुठेतरी अडतेय गं!"

"बघा बरं नीट," मी देवाला हात जोडून म्हणाले.